चौथऱ्यावर नको, रुळांवर हवी

जुनं वाफेचं इंजिन जपायचं म्हणजे स्टेशनच्या आवारात चौथरा बांधायचा, क्रेनने इंजिन त्यावर चढवायचं, काळा-लाल रंग द्यायचा, भोवती साखळी लावायची आणि फीत कापायची, अशी आपल्याकडे पद्धत पडून गेली आहे. या पद्धतीला माझा विरोध आहे. अशाने इंजिन जपलं जात नाही. ते रंगाखाली सावकाश मरत जातं, आणि त्याच्यासोबत ते चालवण्याची विद्याही.

मी उंब्रजचा. सगळी नोकरी कराड भागातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये झाली, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. बंद पडून राहिलेला बॉयलर चालत्या बॉयलरपेक्षा लवकर खराब होतो. गाळप हंगाम संपला की आम्ही बॉयलर तसाच सोडून कधी घरी गेलो नाही. पाणी पूर्ण काढायचं, आतून कोरडा करायचा, ओल शोषून घ्यायला कळीचा चुना ठेवायचा, ट्यूब एकेक करून बघायच्या, गळकी असेल ती बदलायची. मग बाष्पके संचालनालयाचे इन्स्पेक्टर येणार, पाण्याच्या दाबाने चाचणी घेणार, आणि त्यानंतरच पुढच्या हंगामाची आग पेटणार. चौथऱ्यावरच्या इंजिनाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. पावसाचं पाणी धुराड्यातून आत उतरतं, उरलेली राख त्यात भिजते आणि तळाचा पत्रा खाते. बेअरिंगमधलं तेल सुकतं. पितळेचे नळ नाहीसे होतात. पोरं पुढे उभी राहून फोटो काढतात, आणि हे हलायचं कसं, वाजायचं कसं, याचा काहीही पत्ता न लागता घरी जातात.

हे सगळं मी बार्शी लाईटसाठी लिहितो आहे.

सातारा, सांगली, सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ही गाडी वेगळी सांगावी लागत नाही. पण नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण ही साधी खेडवळ गाडी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती मांडली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ यार्डाला अवघ्या ३० पौंड वजनाचे. आज मोठ्या मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात, त्याच्या साधारण चौथा हिस्सा. इतक्या हलक्या रुळांवर जड माल न्यायचा कसा, हा प्रश्न कॅलथ्रॉपने एका नियमाने सोडवला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची होती, आठ चाकं जोडलेली, म्हणजे ओढणारं वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलेलं. गाडी हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून तिची चाचणी घेतली गेली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला, १९०६ला गाडी पंढरपुरात पोचली, १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव बार्शी लाईटच राहिलं.

बार्शीवर जमलेलं हे गणित कॅलथ्रॉपने पुढे खुद्द इंग्लंडमध्ये वापरलं. लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली नावाची एक छोटी लाईन तिथे १९०४ साली याच मापाने, याच नियमांनी सुरू झाली; तिच्या इंजिनांच्या कपाळावर हिंदुस्थानातल्यासारखे मोठे दिवे होते. इंग्लंडातल्या एका खोऱ्याने बार्शीची नक्कल केली होती, हे बार्शीच्या किती शाळांमध्ये सांगितलं जातं? ती लाईन १९३४ साली बंद पडली, तिच्यावर आता लोक पायी आणि सायकलने फिरतात.

आमच्या उंब्रजला रेल्वे नाही. तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचं हे गाव पहिल्यापासून रस्त्याचं, पुणे-बंगळूर हमरस्त्याचं. रेल्वे गाठायची तर कृष्णा ओलांडून मसूरला जायचं. माझ्या लहानपणी मसूरवरून मीटरगेज धावायची. आजोळ मिरजेच्या पूर्वेला, सलगऱ्याकडे. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मसूर ते मिरज मीटरगेज आणि मिरजेला उतरून पुढे बार्शी लाईट, हा प्रवास ठरलेला. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मिरजेच्या स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ शेजारीशेजारी होते: पुण्याकडून येणारं ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारं मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचं नॅरोगेज. देशात अशी स्टेशनं फार थोडी होती.

माझे मामा बार्शी लाईटवर फायरमन होते. घरी कमी बोलणारे, पण इंजिनाबद्दल विचारलं की खुलायचे. मला कारखान्यात बॉयलरवर घेतलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "आधी पाणी बघायचं, मग आग, मग रस्ता. हा क्रम मोडायचा नाही." मला तेव्हा त्यातला रस्ता समजला नाही, कारण माझा बॉयलर तर एका जागी उभा होता. मामांनी मग समजावलं. इंजिन चढावर असताना काचेच्या नळीत पाणी भरपूर दिसतं, कारण ते मागे, भट्टीच्या बाजूला सरकलेलं असतं. तेच इंजिन माथा ओलांडून उताराला लागलं की सगळं पाणी पुढे पळतं आणि भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा उघडा पडतो. खाली आग पेटलेली असते. म्हणून फायरमनला पुढचा चढ-उतार पाठ पाहिजे आणि माथा यायच्या आधीच इंजेक्टर लावून पाणी वाढवून ठेवलं पाहिजे. जवळ्याच्या पुढे काय, सांगोल्याच्या अलीकडे काय, हे त्यांना अंधारातसुद्धा ठाऊक असायचं. आषाढीला गाडी माणसांनी ओसंडायची, मालाच्या डब्यांतूनही वारकरी बसलेले असायचे, तेव्हा त्याच इंजिनाकडून तेवढ्याच कोळशात किती काम काढून घ्यायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे माझा मामा. त्यांच्या जाण्याने हे ज्ञान गेलं. त्यांच्या बरोबरचे जे कोणी आज हयात आहेत ते सगळे म्हातारे आहेत. माझ्या घाईचं कारण हेच.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी, लातूर, पंढरपूर, मिरज असा हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. हा निर्णय बरोबर होता, यात मला तिळमात्र शंका नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी २०१६चा एप्रिल आठवावा. लातूर शहराच्या नळाला पाणी नव्हतं, टाक्यांवर जमावबंदी लावायची वेळ आली होती, आणि मिरजेहून आपल्या कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी जाऊ लागली, २५ लाख लिटरची. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला गेली, म्हणजे बार्शी लाईटच्याच वाटेने. अडीच फुटी रुळांवर हे पाणी पोचलं नसतं. मला कुणाचा विकास अडवायचा नाही आणि भूतकाळात राहायचंही नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की सव्वातीनशे किलोमीटर रूळ उखडताना त्यातले तीन किलोमीटर, एक इंजिन आणि चार डबे चालत्या स्थितीत ठेवले असते तर ब्रॉडगेजचं काहीही बिघडलं नसतं. ते तेव्हा झालं नाही. आता करायचं तर वेगळ्या रीतीने करावं लागेल, आणि ती रीत मी वेल्समध्ये पाहून आलो आहे.

मुलगा बर्मिंगहॅमला असतो. तिथून वेल्शपूल नावाच्या गावी सरळ गाडी जाते. वेल्शपूल ते लॅनफेअर ही छोटी लाईन १९०३ सालची, माप अडीच फूट, अगदी बार्शीचंच. १९५६ साली ब्रिटिश रेल्वेने ती बंद केली. लोकांनी संस्था काढली, भाड्याने मार्ग घेतला आणि १९६३ साली स्वतः गाडी सुरू केली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात नदीला पूर आला आणि पुलाचा खांब खचला. कृष्णाकाठच्या माणसाला हे ऐकून त्या लोकांबद्दल जवळीक वाटल्याशिवाय राहत नाही. त्यांनी वर्गणी जमवली, लष्कराच्या इंजिनिअर तुकडीची मदत मिळवली आणि १९६५ साली पूल उभा केला. गाडीवाले सगळे स्वयंसेवक. तिकीट फाडणारे निवृत्त मास्तर, इंजिनाला तेल घालणारी कॉलेजातली मुलगी, रुळांतलं गवत काढणारे आजोबा. हौशी म्हणून त्यांना सूट नाही. आधी इंजिन पुसायचं, मग परीक्षा देऊन फायरमन व्हायचं, मग आणखी काही वर्षांनी ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला तपासणी, प्रत्येक इंजिनाच्या बॉयलरला ठरलेल्या मुदतीने दाखला.

त्या मार्गावर गोल्फा नावाचा एक चढ आहे, २९ फुटांना १ फूट. मुलाने फायरमनला सांगितलं की माझे वडील बॉयलरवर होते. त्या माणसाने मला जवळ बोलावून पाण्याची काचनळी दाखवली आणि माथा यायच्या आधी इंजेक्टर लावला. मामांनी सांगितलेलं मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तेही आपल्या देशापासून हजारो कोस लांब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

मग शेडमध्ये फिरलो. मूळची दोन इंजिनं १९०२ सालची. शेजारी 'जोन' नावाचं इंजिन, अँटिग्वा बेटावरच्या साखर कारखान्यात उसाची वाहतूक करणारं. कारखान्याने सोडलं, यांनी १९७१ साली आणलं. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची रेल्वे बंद पडली तेव्हा तिथलं एक इंजिन आणि डबेही यांनीच उचलून आणले. ऑस्ट्रियाचे डबे आहेत. जगभर जिथे जिथे अडीच फुटी गाडी मोडीत निघाली तिथून काही ना काही या खेड्यात येऊन चालतं आहे. अँटिग्वातल्या उसाचं इंजिन वेल्समध्ये चालू शकतं, तर कॅलथ्रॉपच्या बार्शीचं इंजिन पंढरपुरात का चालू नये, हा प्रश्न मी तिथून घेऊन आलो.

यांच्याही आधी वाट काढली ती टॅलिलिनने. वेल्समधलीच ही लाईन, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी घातलेली. मालक सर हेडन जोन्स पदरचे पैसे घालून ती चालवत होते. खाण १९४६ला बंद पडली, मालक १९५०ला वारले. टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने पुढाकार घेतला, ऑक्टोबर १९५०मध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा झाली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. जगात असं प्रथमच घडत होतं. तेव्हा त्यांच्याजवळ डॉलगॉक नावाचं एकच धडकं इंजिन होतं. शेजारच्या बंद पडलेल्या लाईनची दोन इंजिनं त्यांनी ब्रिटिश रेल्वेकडून २५ पौंडांना एक या भावाने विकत घेतली. ती अजून चालतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कुठल्याही कामाची सुरुवात 'निधी कुठून आणायचा' इथून होते. तिथे सुरुवात माणसांपासून झाली, पैसा तिकिटांतून, वर्गणीतून, देणग्यांतून नंतर आला.

माणसं आपल्याकडे नाहीत का? माझ्या मते वेल्समध्ये होती त्याहून चांगली आहेत. वाफेवर काम करणारी माणसं जगात संपत चालली, आपल्या कृष्णाकाठी मात्र दरसाल तयार होतात. प्रत्येक साखर कारखान्यात सरकारी परीक्षा पास झालेले बॉयलर अटेंडंट आहेत. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना नमुना दाखवा, ब्रेकचे ठोकळे आणि भट्टीच्या जाळ्या ओतून देतील. १९१० पासून किर्लोस्करवाडीने आणि तिच्या आजूबाजूच्या वर्कशॉपांनी किती टर्नर-फिटर घडवले, त्यातले किती निवृत्त होऊन गावोगाव बसून आहेत, ते या भागात फिरल्यावर कळतं. कुर्डुवाडीचं रेल्वे वर्कशॉप तर बार्शी लाईटचंच; माथेरानच्या गाडीसाठी त्याने डबे बनवून दिले आहेत. आणि फुकट राबण्याचं म्हणाल, तर २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव उन्हाळाभर श्रमदान करून पाणी अडवत होतं आणि वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. पालीच्या खंडोबाच्या यात्रेला आमच्या भागातली पोरं गर्दी सांभाळतात ती कुणाच्या पगारावर? गणेश मंडळांची दहा दिवसांची शिस्त ज्यांनी जवळून पाहिली त्यांना तिकीट खिडकी आणि फाटक सांभाळायला माणसं शोधावी लागणार नाहीत.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासून. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. छोट्या रुळांवर छोट्या गाड्या, सिग्नल बदलतात, फाटकं पडतात. मुलं तिथे तासभर खिळून राहतात, कारण तिथे सगळं हलतं. चौथऱ्यावरच्या खऱ्या इंजिनापुढे तीच मुलं दोन मिनिटंही थांबत नाहीत.

आता आक्षेपांकडे येतो, कारण गावात बोललो की तेच ऐकू येतात.

पहिला आक्षेप कायद्याचा. रेल्वे फक्त सरकारच चालवू शकतं, असं सगळे धरून चालतात. १९८९ चा रेल्वे कायदा उघडून पाहा. 'रेल्वे' म्हणजे काय, याची व्याख्या करतानाच त्यात म्हटलं आहे की प्रदर्शनाच्या मैदानात, जत्रेत, बागेत किंवा अशाच ठिकाणी केवळ करमणुकीसाठी घातलेले रूळ या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे मुख्य मार्गाला न जोडलेली, एखाद्या मोठ्या बागेच्या आवारातली दोन-तीन किलोमीटरची लाईन नोंदणीकृत संस्थेला चालवता यावी, याला जागा आहे. अर्थात त्यामुळे सुरक्षिततेची जबाबदारी कमी होत नाही, उलट सगळी संस्थेवर येते. बॉयलरची तपासणी राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे द्यावी, ते लोक त्यात मुरलेले आहेत. रूळ, ब्रेक आणि वेग यांची तपासणी रेल्वेच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या समितीकडे असावी. ब्रिटनमध्ये १८९६च्या लाईट रेल्वे कायद्याखाली अशा गाड्यांना ताशी २५ मैलांची मर्यादा होती. आपण त्याच्या निम्म्याने चालवू. बघायला येणाऱ्याला घाई नसते.

दुसरा आक्षेप जास्त मनापासून येतो. इंग्रजांच्या गाडीचं कौतुक कशाला? या माणसांना मी शेणोलीची आठवण देतो. ७ जून १९४३ रोजी आमच्याच मसूर-मिरज मार्गावर, कराडच्या पुढे शेणोलीजवळ, प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली आणि तो पैसा चळवळीकडे वळवला. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशांनी बांधून १८९१ साली सुरू केला. बार्शी लाईटचे रूळ टाकणारे, फाटक उघडणारे, कोळसा ओढणारे हात इथलेच होते, आणि तिने सर्वांत जास्त वाहिला तो पंढरीचा वारकरी. कंपनीची कागदपत्रं लंडनला असतील. गाडी आपली होती.

तिसरा आक्षेप: एस.टी. वेळेवर नाही, दवाखान्यात डॉक्टर नाहीत, आणि तुम्हाला जुनी गाडी सुचते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच सरकारच्या तिजोरीतून या गाडीला रुपया नको, असं मी म्हणतो. सरकारी पैशाने उभं केलेलं असं काम पहिल्या पाच वर्षांत उद्घाटनाची पाटी सोडून बाकी सगळं गमावतं, हे आपण गावोगावच्या बंद पडलेल्या बागांतून पाहतो. मागायचं आहे ते वेगळं: जुनं इंजिन, जुने डबे, काढलेले नॅरोगेज रूळ आणि जागा, हे दीर्घ मुदतीच्या करारावर. भंगाराच्या भावाला लिलाव करण्याऐवजी संस्थेच्या ताब्यात.

इंजिन मिळेल कुठून, असं विचारणाऱ्यांना सांगतो, याच मापाचं सामान देशात अजून आहे. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज २०१९ साली बंद झाली, मापाने बार्शीची बहीणच. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. कालका-शिमला मार्ग ७६२ मिलिमीटरचाच, आणि तिथे १९०६ सालचं वाफेचं इंजिन अजूनही खास फेऱ्यांना बाहेर काढतात. म्हणजे हे माप, त्याचे सुटे भाग आणि ते इंजिन चालवणारे हात रेल्वेच्या स्वतःच्या घरात आहेत. आमच्या म्हाताऱ्या फायरमनांना तिथे आठ दिवस पाठवलं आणि तिथल्या एखाद्या ड्रायव्हरला इथे महिनाभर बोलावलं, तर तुटलेला धागा जुळेल.

विदर्भात शकुंतला गाडीचं काय झालं तेही पाहिलं पाहिजे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, खाजगी कंपनीच्या मालकीची, १९२१ सालच्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावलेली. लोकांचं तिच्यावर मनापासून प्रेम आहे, ती वाचवण्यासाठी निवेदनं झाली, आंदोलनं झाली. पण सगळी मागणी सरकारकडे होती, 'तुम्ही चालवा'. मला वाटतं तिथेही पन्नास माणसांनी 'आम्ही चालवतो, दहा किलोमीटर द्या' असं म्हटलं असतं तर चर्चा वेगळ्या वळणावर गेली असती. माथेरानची गाडी १९०७ सालची. २००५च्या आणि २०१९च्या पावसाने तिचे रूळ वाहून नेले, दोन्ही वेळा ती परत उभी राहिली, कारण तिच्यावर गावाचं पोट आहे. बार्शी लाईटवर आज कुणाचं पोट नाही. तिला फक्त आपुलकीच वाचवू शकते, आणि आपुलकीला नोंदणी क्रमांक, कार्यकारिणी आणि दर रविवारचं कामाचं वेळापत्रक लागतं.

जागा मी पंढरपूरची सुचवतो. उंब्रजचा असून मी उंब्रजला मागत नाही, कारण इथे नॅरोगेज कधी आलीच नाही. खोटा वारसा उभा करण्यात मला रस नाही. पंढरपूरला वर्षभर माणूस येतो, एकादशीला तर शहर तुडुंब होतं, आणि बार्शी लाईटचं मोठेपण ज्यांनी अनुभवलं ती माणसं तिथे आपणहून येतात. कुर्डुवाडीचं वर्कशॉप हाकेच्या अंतरावर. चारदोन एकादश्यांच्या तिकिटांवर वर्षाचा कोळसा निघेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर वर्गणी काढू.

मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाने एक इंजिन, चार डबे आणि जागा द्यायची तयारी दाखवावी, एवढीच माझी जाहीर विनंती आहे. ती येईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. बार्शी लाईटवर काम केलेला जो कोणी फायरमन, ड्रायव्हर, गँगमन किंवा पॉइंट्समन अजून हयात आहे त्याच्याकडे जाऊन, पाण्यापासून आगीपर्यंत आणि आगीपासून रस्त्यापर्यंत सगळं त्याच्या तोंडून लिहून घ्यायचं, ध्वनिमुद्रित करायचं. हे काम करायला कुणाची परवानगी लागत नाही. कारखान्यांचे हंगाम मार्च-एप्रिलात आटोपतात आणि पुढची आग पेटेपर्यंत बॉयलरवरची बरीच माणसं मोकळी असतात. मिरज, सलगरे, कवठे महांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, मुरूड या पट्ट्यातल्या बॉयलरवाल्यांनी, फिटरांनी आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी त्या महिन्यांत मिरजेला एकदा एकत्र बसावं. त्या बैठकीत संस्थेची घटना ठरावी, कामं वाटून घ्यावीत आणि वर्गणीची पहिली पावती फाडावी.